म्हशीला कोण सांगणार?



गेल्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. त्यांची मुलगी बी. एड. झाली आहे. नोकरीच्या मागं न लागता दोन वर्षं परमुलखात जाऊन, नुसत्या खाण्यापिण्याच्या खर्चावर, एखाद्या शाळेत शिकवावं असं तिच्या मनात आहे. आई विचारतात, "ही मुलं तिकडं जाऊन दिवसभर करतात तरी काय? राहतात कुणाकडं? पगार नाही, तर मग मिळतं काय?"

पाठवा किंवा पाठवू नका, असं सांगायला मी कोण? पण या प्रश्नांची उत्तरं आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या पेटीत आहेत. एकतीस पत्रं आहेत, सगळी १९९२ ते १९९५ या काळातली. त्या भगिनीचं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली, आणि चूल पेटवायची वेळ झाली तरी उठले नाही.

पत्रं आहेत आमच्या पुतणीची. थोरले भाऊजी १९६९ साली इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेले, ते तिकडलेच झाले. ही मुलगी तिकडंच जन्मली. पण लहानपणी दोन उन्हाळे तिला आजीजवळ आमच्या वाडीत ठेवली होती, आणि आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला पाटीवर बाराखडी गिरवायला लावली होती. आत्याबाई चौथी शिकलेल्या. "नात कुठंबी राहू दे, मला कागद धाडंल ते आपल्या अक्षरात," हा त्यांचा हट्ट. त्या हट्टाचा पुढं काय उपयोग झाला ते सांगतेच.

कॉलेज संपल्यावर ही पोर पीस कोअरमध्ये गेली. ही अमेरिकेची सरकारी संस्था १९६१ साली केनेडींच्या वेळी निघाली. तिकडची माणसं, बरीचशी तरुण, दोन वर्षांसाठी गरीब देशांत जाऊन शिकवतात, शेतीत किंवा दवाखान्यात मदत करतात. आपल्या देशातही ती १९७६ पर्यंत होती. पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या कार्टरसाहेबांच्या आई १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, याच संस्थेतून मुंबईजवळ विक्रोळीला येऊन दवाखान्यात काम करत होत्या. म्हणजे हे नुसतं पोरासोरांचं वेड नव्हे.

आमच्या पुतणीला मिळाला नेपाळ. तिथं ही माणसं १९६२ पासून जात होती. आधी तीन महिने भाषा शिकवतात, एका घरी ठेवून तिथलं राहणं-खाणं अंगवळणी पाडतात, आणि मग नेमणुकीच्या गावी धाडतात. हिला लमजुंग जिल्ह्यात धाडलं. काठमांडूहून पोखऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर डुम्रे नावाचं गाव आहे, तिथं उतरायचं, मर्स्यांगदी नदीच्या कडेकडेनं ट्रकमध्ये दगडधोंड्यांवरनं आदळत जायचं, आणि मग चार तास डोंगर चढायचा. माथ्यावर बर्फाचा डोंगर आणि खाली भाताच्या पायऱ्या, असं गाव. हातखर्चाला संस्था देई ते तिथल्या मास्तरांना मिळेल तेवढंच. तिथल्या माणसांपेक्षा वर राहायचं नाही, हा त्यांचा नियमच.

गावात पोचली तेव्हा शाळेचे हेडसर खट्टू झाले. त्यांनी अमेरिकन मागितला होता, आणि समोर आली सावळी, लांब वेणीची, नाकात चमकी घातलेली मुलगी. "ही तर इंडियन," असं म्हणून त्यांनी तिचा पासपोर्ट दोनदा उलटसुलट करून पाहिला. आठवडाभर पोरं तिला बघायला येत आणि हिरमुसून परत जात. गोरी नाही, घारी नाही, मग बघायचं काय? तरी ती दात घासायला अंगणात आली की कठड्यावर दहा-बारा जण ओळीनं बसलेले असतच.

तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा आमच्या ओसरीवर गोंधळच उडाला. आत्याबाईंची नजर गेलेली, म्हणून मी मोठ्यानं वाचत होते. पोरीनं लिहिलं होतं, "आजी, मी इथं रोज शिक्षा देते. मुलं सत्तर आहेत. हेडसर खूश आहेत."

आत्याबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "सत्तर पोरांना शिक्षा देती? रोज? आगं, ही पोरगी अशी नव्हती."

मग ध्यानात आलं. नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पोरीची मराठी आधीच अर्धीमुर्धी, तिच्यात नेपाळी शिरलेली. अक्षर मात्र आपलं तेच त्यांचं, त्यामुळं बाराखडी येणाऱ्या पोरीला फळ्यावरचं, दुकानाच्या पाटीवरचं पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं. तिच्या बरोबरीच्या अमेरिकन मुलांना तिथवर यायला महिने लागले. आत्याबाई हे चार गावांत सांगत सुटल्या. पुढच्या एका पत्रात होतं, "थंडी फार आहे. सकाळी मी आणि आमा अंगणात घाम खात बसतो." तिकडे उन्हाला घाम म्हणतात, हे कळायला आम्हांला आणखी दोन पत्रं लागली.

आता 'दिवसभर करतात काय' ते सांगते.

ती राहत होती एका क्षेत्री शेतकऱ्याच्या घरी. घरात आई, तिला सगळे आमा म्हणत, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा मुलगा, एक म्हैस, दोन बैल. घरधनी परगावी नोकरीला. पहाटे पावणेपाचला घर जागं होई. पायानं दाबायचं लाकडी मुसळ असतं तिकडं, ढिकी म्हणतात, तिच्या धपधप आवाजानं हिला जाग येई. जात्याला जाँतो म्हणतात, गोठ्याला गोठ. मग धाऱ्यावर, म्हणजे गावच्या नळावर, पाण्याच्या खेपा. चहा. नऊला भरपेट वरणभात आणि भाजी. तिथं सकाळचं जेवण हेच, दुपारी डबा नाही. वाटेत कुणी भेटलं की विचारणार, "भात खानुभयो?" म्हणजे जेवलात का? आत्याबाई म्हणाल्या, "मंग ती आपलीच मान्सं."

शाळा दहा ते चार, रविवार ते शुक्रवार, सुट्टी शनिवारची. इंग्रजी तेव्हा चौथीपासून होतं. एका बाकावर सहा पोरं, पुस्तक तिघांत एक. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस आपटायला लागला की बोललेलं ऐकू येत नसे, मग ही फळ्यावर लिही आणि पोरं उतरून घेत. बाकीच्या मास्तरांच्या हातात छडी असे. हिनं छडी घेतली नाही, त्यामुळं पहिले तीन महिने तिच्या वर्गात जत्रा भरे. शेजारच्या वर्गातले सर यायचे, टेबलावर छडी आपटायचे, पोरं चिडीचूप व्हायची आणि सर गेले की पुन्हा जत्रा. पत्रात एकाच ओळीचा मजकूर आहे, "आजी, आज मी घरी येऊन रडले." त्या पत्राचा कागद इतका कोरा आहे की बघवत नाही.

चारला घरी आलं की भाजलेला मका नाहीतर पोहे. मग दिवस मावळेपर्यंत वह्या. आठला पुन्हा भात, नाहीतर मक्याच्या किंवा नाचणीच्या पिठाचा ढिंडो. नाचणीला ते कोदो म्हणतात. शेतकऱ्यांच्या घरी वाचायला हे पत्र जातंय म्हणून सांगते. उभ्या मक्यातच नाचणीची रोपं लावतात तिथं. मका काढला की नाचणी वर येते, एका तुकड्यात दोन पिकं. आमच्या ह्यांनी ते ऐकून दुसऱ्या वर्षी दोन गुंठ्यांत करून पाहिलं होतं. आमच्याकडं जमलं नाही ते सोडा.

पण आमाच्या चुलीपर्यंत पोचायला हिला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात आमानं विचारलं, "जात कुठली?" पोरीला ठाऊकच नव्हतं! तिनं आजीला पत्र घातलं, "आपली जात काय आहे? इथं जेवायच्या आधी लागते." आत्याबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लिव्ह तिला. कुणबाऊ मान्सं हाय आमी. जमीन कसून खातो म्हणावं." तेवढ्यावर भागलं. मात्र महिन्याचे चार दिवस आमाच्या घरी कुणीच बाई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, आणि पाहुणीलाही सवलत नव्हती. हे वाचताना माझ्या जाऊबाई हसल्या. आमच्या घरात तो रिवाज बंद होऊन तेव्हा पुरती सहा वर्षंही झाली नव्हती.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. वर्गात लोहाराचा एक मुलगा होता. तिकडं लोहाराला कामी म्हणतात आणि त्याच्या हातचं पाणी चालत नाही. शिवाशीव १९६३ च्या कायद्यानं उठवलेली, पण कायदा काठमांडूत आणि घागर गावात. एका दुपारी ही तहानलेली, मुलानं तांब्या पुढं केला, ही प्यायली. बातमी तिच्याआधी घरी पोचली. आमानं तिला उंबऱ्याबाहेर थांबवलं, सोनं बुडवलेलं पाणी तिच्या अंगावर शिंपडलं आणि चार दिवस ओसरीवर जेवायला वाढलं. भांडली नाही, टाकून बोलली नाही. वाढताना तूप नेहमीपेक्षा जास्तच घातलं. पोरीनं लिहिलंय, "मला राग येतो आणि तिचं प्रेमही कळतं. मी पुन्हा त्या मुलाच्या हातचं पाणी प्यायले. आता आमा विचारत नाही आणि मी सांगत नाही." हे पत्र मी वाचून संपवलं तेव्हा आत्याबाईंनी काही म्हटलं नाही. उठून आत गेल्या. आमच्या वाड्याच्या मागच्या दाराला एक वेगळी कपबशी खुंटीला असायची, ती माझं लग्न होऊन मी आले तेव्हा मीही पाहिलेली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी ही पेटी उघडली ती.

आमाची मुलगी नववीत, हिच्याच वर्गात. दहावीनंतर तिकडं एस. एल. सी.ची परीक्षा असे. तिला सगळे 'फलामे ढोका', म्हणजे लोखंडी दार म्हणत. त्या दारातनं पलीकडं गेलं तर नर्स, मास्तरीण, कचेरीतलं काम. नाही गेलं तर डोंगर आणि विळा. (ती परीक्षा आता त्या रूपात राहिली नाही, २०१७ पासून तिची तऱ्हा बदलली.) मुलगी हुशार. पण गृहपाठ कधी पुरा नाही, आणि दुसऱ्या तासाला डोळे मिटायची. एक दिवस हिनं तिला वर्गासमोर उभं करून विचारलं, "घरी तू करतेस तरी काय?" मुलगी काही बोलली नाही. मग एक दिवस ही तिच्या मागं मागं दिवसभर फिरली, वही घेऊन.

ते वहीतलं पान पत्राबरोबर आलंय. पहाटे साडेचारला उठणं. पाण्याच्या दोन खेपा. गवताचा एक डोको. डोको म्हणजे पाठीवरची निमुळती बांबूची टोपली, आणि तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घ्यायचा, खांद्यावर नाही. पंचवीस-तीस किलो ओलं गवत मानेवर तोलून डोंगर चढायचा. मग शेण, झाडलोट, जेवण, शाळा. शाळेतनं आल्यावर दुसरा डोको. म्हशीला दोन लागतातच. मग सरपण, मग चूल, मग भांडी. रात्री नऊला टुकीच्या, म्हणजे रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात पुस्तक उघडायचं आणि त्यावर डोकं टेकून झोपायचं. भावाच्या नावापुढं पानावर एकच ओळ आहे, "व्हॉलीबॉल."

पोर आमाजवळ गेली आणि म्हणाली, "संध्याकाळी दीड तास मुलीला मोकळी सोडा. परीक्षा आहे."

आमा हसली. म्हणाली, "मी सोडीन गं. पण भैंसीलाई कसले भन्ने?" म्हशीला कोण सांगणार?

बायांनो, हे वाक्य वाचल्यावर आमच्या ओसरीवर कुणी काही बोललं नाही. शिक्षणाच्या किती बाता आपण ऐकतो. मुलगी शिकली, प्रगती झाली, वगैरे भिंतीवर रंगवलेलं असतं. पण ज्या घरात दोन डोको गवत रोज लागतं, तिथं मुलीच्या अभ्यासाचा तास कुणाच्या मानेवर टाकायचा, हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. आमा काही मुलीची वैरीण नव्हती. तिच्या स्वतःच्या कपाळावर नाम्लोनं पडलेली खळी होती.

पोरीनं सांगितलं, "म बोक्छु." मी वाहीन.

पहिल्या दिवशी बांधावरनं घसरली. गवत एकीकडे, डोको दुसरीकडे, ही भाताच्या चिखलात. वरच्या आणि खालच्या पायरीवरच्या बाया पोट धरून हसल्या, आणि मग त्यांतल्याच एकीनं खाली येऊन पट्टा कपाळावर कुठं घ्यायचा, मान किती वाकवायची ते दाखवलं. विळा कसा धरायचा हे आमानं शिकवलं. दोनदा बोट कापून घेतलं. शाळेत ही मिस, आणि डोंगरावर इयत्ता पहिली. त्याच पावसाळ्यात लावणीलाही गेली. तिकडं आपल्या सावडीला पर्म म्हणतात. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. आषाढाच्या पंधराव्या दिवशी बांधावर बसून दही-पोहे खायचे, हा त्यांचा सणच. हिनं लावलेल्या ओळी वाकड्या गेल्या, त्या वाकड्याच वाढल्या, आणि कापणीपर्यंत येणारा जाणारा दाखवून हसे.

पण सगळेच हसले असं नाही. हेडसरांनी बोलावून सांगितलं, मिसनं गवत वाहिलं तर शाळेची अब्रू जाते. आमालाही गावात तोंड दाखवणं जड झालं. पाहुणीला गड्यासारखं राबवते म्हणून शेजारणी बोलल्या. आमानं दोन दिवस विळा लपवून ठेवला. पोरीनं उसना आणला. शेवटी ठरलं ते असं की सकाळचा डोको मुलीचा, संध्याकाळचा मिसचा. तेवढ्यात मुलीला दीड तास उजेड मिळाला. मग ओसरीवर आणखी दोघीजणी पुस्तकं घेऊन येऊन बसायला लागल्या. त्यांतल्या एकीचं फाल्गुनात लग्न झालं. तिची वही हिच्याजवळच राहिली.

दसऱ्याला, म्हणजे दशैंला, घरधनी आला. आपल्याकडं घटाला धान्य उगवतात तसं तिकडंही घरात जव उगवतात, त्याला जमरा म्हणतात, आणि वडीलधारे कपाळाला तांदूळ-दह्याचा लाल टिळा लावून तो जमरा कानावर ठेवतात. सामान खाली ठेवता ठेवता त्यानं हिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "काय ताई, जेवलात काय?"

पोर उडालीच. स्वच्छ मराठी!

तो मुंबईला एका इमारतीवर रखवालदार होता. आपण ज्याला नाव न विचारता 'गुरखा' म्हणतो, तो. चौदा वर्षं त्यानं आपल्या लोकांची दारं राखली होती, रात्री शिट्टी फुंकत आणि पहाटे गाड्या धुवत. आत्याबाई हे ऐकून म्हणाल्या, "आपल्या म्हमईच्या धाकल्याच्या बिल्डिंगवर बी हाय तसा एक. त्याला बी असंल की गं अशी लेक." त्यानंतर धाकटे भाऊजी गावी आले की पहिला प्रश्न त्या रखवालदाराच्या मुलाबाळांचा असे. भाऊजींना कधीच काही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं हिला डोको घेऊन येताना पाहिलं. पुढं होऊन तिच्या कपाळावरचा पट्टा काढून आपल्या कपाळावर घेतला आणि बायकोला काही न बोलता गोठ्याकडं गेला. सुट्टीचे दिवस त्यानंच गवत आणलं. निघताना मुलाला बजावून गेला की आता तू. मुलानं चार दिवस आणलं, पाचव्या दिवशी व्हॉलीबॉल. पण अधूनमधून आणायचा, हे पुतणीनं न्यायानं लिहिलंय.

१९९४ साली मुलगी परीक्षेला बसली. चार तास खाली उतरून, जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन, तांदूळ आणि स्टोव्ह बरोबर नेऊन. निकाल 'गोरखापत्र' या वर्तमानपत्रात छापून येई, नुसते नंबर. अंक गावात पोचायला पाच दिवस लागले. हेडसरांनी बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि पुन्हा वरपासून फिरवलं. नंबर नव्हता. इंग्रजीत पास होती, गणितात गेली होती.

पोरीचं ते पत्र रागाचं आहे. स्वतःवरचा राग. "मी दीड वर्षं डोको वाहिला आणि मला एवढं कळलं नाही की तिला गणित येत नाही. मला फक्त माझा विषय दिसला." आता तुम्हीच सांगा, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीनं आणखी काय करायचं? पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसाला जे दाखवायला बोलावलेलं असतं तेच दिसतं. बाकीचं घरच्यांनी भोगायचं. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं शेजारच्या वर्गातल्या त्या छडीवाल्या सरांना विनंती केली, आणि ते शनिवारी आमाच्या ओसरीवर येऊन गणित शिकवायला लागले. छडी घरी ठेवून. ते शिकवत उत्तम होते, हे हिला दोन वर्षं कळलंच नव्हतं.

१९९५ च्या सुरुवातीला तिची मुदत संपली. गावानं गळ्यात झेंडूच्या इतक्या माळा घातल्या की समोरचं दिसेना. आमा नाक्यापर्यंत आली नाही. गोठ्यात म्हशीजवळ उभी राहिली. ती गाभण होती तेव्हा.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या देशात १९९६ ते २००६ यादवी माजली, २००४ साली ही संस्था तिथून निघून गेली आणि २०१२ साली पुन्हा आली. २०१५ च्या भूकंपात आमाच्या घराची मागची भिंत पडली, माणसं वाचली. मुलगी खाली चितवनला नांदते, तिचा मुलगा कतारला आहे. आमची पुतणी अमेरिकेत शाळेत शिकवते, तिची आता पन्नाशी उलटली. स्वयंपाकघरात खुंटीला नाम्लो टांगलाय. येणारे जाणारे त्याला कमरेचा पट्टा समजतात.

पेटीतलं एकतिसावं पत्र मात्र तिचं नव्हे. त्या मुलीनं इंग्रजीत तिला लिहिलेल्या पत्राची ती नक्कल आहे, पुतणीनं आजीसाठी करून पाठवलेली, खाली मराठी करून. मोडकंतोडकं, पण इंग्रजी. १९९५ चा पावसाळा संपता संपता आलं. त्यात लिहिलं होतं: मिस, मी पास आहे. माझा नंबर पेपरात आहे, हेडसरांनी लाल शाईनं गोल केला. बुवा मुंबईहून आले नाहीत, मनीऑर्डर आली. आमाच्या गुडघ्याला दुखतं. म्हैस व्याली आहे. तुमचा डोको भाऊ वाहतो, रोज नाही. बाकी मी वाहते.

मी वाचून संपवलं. माझा गळा भरून आला होता. जाऊबाईंनी डोळ्याला पदर लावला. आत्याबाई मात्र तशाच बसून होत्या, कान पुढं करून, काहीतरी राहिलं असावं तशा.

"व्याली, ते झालं," त्या म्हणाल्या. "पारडी का रेडकू?"

पत्र पुन्हा चाळलं. लिहिलेलं नव्हतं. आत्याबाईंनी त्याच दिवशी अमेरिकेला पत्र टाकायला लावलं, तिथून ते नेपाळला गेलं, तिथून उत्तर अमेरिकेला आणि अमेरिकेहून आमच्या वाडीत. संक्रांत उलटून गेली होती. नेपाळी शब्द आणि आपला, एका 'र'चाच काय तो फरक. "पाडी," असं लिहिलं होतं.

"मंग बरं हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि सुपारी कातरायला घेतली. "दूध ऱ्हाईल घरात."